कोंडवाड्याला पुन्हा दार लावा



उसाचा दर, तोडणीची टोळी, पाण्याची पाळी आणि खताची पोती या चार विषयांपलीकडे हे पान सहसा जात नाही. या खेपेला पाचवा विषय घेतो आहोत. हल्ली गट कार्यालयात सभासद आला की लागणीची नोंद राहते बाजूला आणि आधी गाऱ्हाणं सुरू होतं ते मोकाट जनावरांचं. रात्रीत खोडव्याचे फुटवे खाल्ले. ठिबकच्या नळ्या तुडवल्या. मोटारसायकलला गोऱ्हा आडवा आला. वस्तीवरच्या पोराला कुत्रं चावलं. सगळं ऐकून शेवटी प्रश्न एकच, "याला वाली कोण?"

कोणी म्हणेल, कारखान्याचा यात काय संबंध? ग्रामपंचायत बघून घेईल. संबंध असा, की ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडायचा असेल तर आधी तो शेतात वाचला पाहिजे. शिवाय ग्रामपंचायतीत बसणारे, दूध संघाला दूध घालणारे आणि कारखान्याचे शेअर्स धारण करणारे हे काही तीन निराळे लोक नव्हेत. एकच माणूस सकाळी डेअरीत, दुपारी पंचायतीत आणि संध्याकाळी गट कार्यालयात भेटतो. मग टोलवाटोलवी कोणी कोणाशी करायची?

कोंडवाडा कशासाठी होता

आपल्या वडीलमंडळींना कोंडवाडा ठाऊक होता. दुसऱ्याच्या पिकात जनावर शिरलं तर मालकाशी हातघाईवर यायचं नाही, जनावर हाकलत न्यायचं आणि कोंडवाड्यात घालून पावती घ्यायची, ही रीत होती. त्यामागे कायदा होता. इंग्रज सरकारने 1871 साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. ज्याच्या पिकाचं नुकसान होतं त्याने जनावर धरावं, 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं आणि पोलिसांनी त्याला मदत करावी, असं त्यात लिहिलं आहे. दंडाचा मूळ तक्ता मोठा वाचण्यासारखा आहे. हत्तीला 2 रुपये, म्हशीला व उंटाला 8 आणे, गाय-बैल-घोड्याला 4 आणे, वासरू-गाढव-डुकराला 2 आणे आणि शेळी-मेंढीला 1 आणा. वैरण-पाण्याचा खर्च मालकाकडून वेगळा. मालक आठवडाभरात फिरकला नाही तर पोलीस ठाण्याला वर्दी, गावात आणि बाजारात दवंडी, आणखी सात दिवसांची मुदत आणि मग जाहीर लिलाव.

पुढे 1958 सालच्या ग्रामपंचायत कायद्यात कोंडवाड्याची स्वतंत्र कलमं आली आणि हे काम पंचायतीकडे आलं. दर बदलले, अंमलदार बदलले, पण सांगाडा तोच राहिला. जनावर धरा, कोंडा, मालकाला बोलवा, दंड घ्या, नाही आला तर विका.

यात एक खुबी होती आणि एक उणीव होती. खुबी ही, की भांडण दोन शेतकऱ्यांतलं राहत नसे. त्याच्यामध्ये गाव येई. उणीव ही, की दंडाचा पैसा कोंडवाड्याच्या हिशेबात जमा होई, ज्याचं पीक गेलं त्याच्या हातात नाही. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा करण्याची मोकळीक 1871 च्या कायद्यानेच ठेवली होती. पण चार गुंठ्यांच्या खोडव्यासाठी कोर्टाची पायरी चढणारा शेतकरी आम्हाला तरी दिसलेला नाही.

आज बऱ्याच गावांत कोंडवाड्याच्या चार भिंती तेवढ्या उभ्या दिसतात. काही ठिकाणी त्याही नाहीत. दार गेलं, छपराचा पत्रा गेला, आत घाणेरी माजली. कुठे त्या जागेवर समाजमंदिर उभं राहिलं. जागा सातबाऱ्यावर किंवा पंचायतीच्या नमुन्यात आहे, प्रत्यक्षात नाही.

दावणीचं गणित बदललं

कोंडवाडा पंचायतीच्या आळसाने मोडला असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खरं कारण त्याहून खोल आहे. कोंडवाड्याची सगळी मदार एका गोष्टीवर होती: मालक धावत येईल. बैल कोंडला गेला की मालकाची पेरणी अडे. चार आणे काय, चार रुपये मागितले तरी तो देऊन बैल सोडवून नेई. आणि मालक आलाच नाही, तर लिलावात बोली लावायला दहाजण उभे असत. जनावराला किंमत होती म्हणून दंडाला धार होती.

ती किंमत तीन बाजूंनी गेली. पहिली गोष्ट, ट्रॅक्टर आला. नांगरटीला, सरी सोडायला, उसाच्या वाहतुकीला ट्रॅक्टर आणि दावणीला बैल नाही, अशी घरं आता गावोगाव आहेत. दुसरी गोष्ट, संकरित गाई आल्या. दूध वाढलं, संसाराला हातभार लागला, हे कोण नाकारील? पण होल्स्टीन-जर्सीच्या गोऱ्ह्याला धड वशिंड नाही, जू टिकत नाही, उन्हात धाप लागते. कालवड झाली तर पेढे आणि गोऱ्हा झाला तर घरात सुतक, अशी गत. तिसरी गोष्ट, कायदा. 1976 च्या कायद्याने राज्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, बैल मात्र दाखला घेऊन विकला जाई. मार्च 2015 मध्ये दुरुस्ती अमलात आली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. मे 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. बाहेरच्या राज्यातून आलेलं मांस बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम मात्र रद्द केलं.

हा कायदा बरा की वाईट, हा वाद आम्ही या पानावर घालणार नाही. आपल्या सभासदांत दोन्ही मतांची माणसं आहेत आणि दोघांच्या उसाला भाव एकच मिळतो. आमचं म्हणणं एवढंच, की कायद्याने एक वाट बंद केली तर त्या वाटेने जाणारं जनावर कुठे जाणार, याचा विचार गावाने करायला हवा होता. तो झाला नाही. परिणाम असा, की आज कोंडवाड्यात गोऱ्हा घातला तर मालक येत नाही आणि लिलाव पुकारला तर गिऱ्हाईक येत नाही. पंचायतीच्या गळ्यात वैरणीचा खर्च तेवढा पडतो. म्हणून ग्रामसेवक म्हणतो, "नको रे बाबा, हाकल त्याला शिवेपलीकडे."

आणि शिवेपलीकडे दुसरा आपलाच सभासद राहतो.

सोडतं कोण?

आता थोडं कडू बोलायचं आहे, राग मानू नये. ही जनावरं आभाळातून पडत नाहीत. रात्री पिकअपमध्ये घालून दहा-पंधरा कोसांवर नेऊन सोडली जातात. त्यांच्या गावाची आपल्याकडे आणि आपल्या गावाची त्यांच्याकडे. बांधावर संवाद होतो तो असा:

"तात्या, तुमचा गोऱ्हा आमच्या खोडव्यात शिरला."

"आबा, त्यो आमचा न्हाईच की. आमचा तर कवाच दिला."

"कुणाला दिला?"

"...दिला एकाला."

तो 'एक' कोण, हे आबांनाही ठाऊक असतं आणि तात्यांनाही. बेंदराला शिंगं रंगवायची, पुरणपोळीचा घास भरवायचा, वसुबारसेला वासराची पूजा करायची आणि दिवाळी सरली की त्याच वासराच्या गळ्यातला कासरा काढून डांबरी रस्त्यावर सोडून यायचं, हे आपल्या संस्कृतीत कुठे बसतं ते आम्हाला कळत नाही. भुकेने-तहानेने तडफडेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा 1960 सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे 10 ते 50 रुपये! पन्नास रुपयांत आज चहा-भजीही होत नाहीत. तेव्हा कायद्याच्या भीतीने हे थांबेल, ही आशा नको. गावाच्या लाजेने थांबलं तर थांबेल.

लाज वाटायला मालक सापडावा लागतो. त्याची सोय आता झाली आहे. जनावराच्या कानात 12 अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात, त्यावर मालकाची नोंद असते. जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री नाही आणि सरकारी दवाखान्यातल्या सेवा नाहीत, असं सरकारने ठरवलं. काही महाभाग सोडण्याआधी बिल्ला कापून काढतात. फाटक्या कानाचा गोऱ्हा रस्त्यावर दिसला तर समजावं, याला घर होतं.

गोशाळेने भागेल का?

"गोशाळेत नेऊन घाला" असा सल्ला सगळेच देतात. गोशाळा, पांजरपोळ ही आपल्याकडची जुनी आणि चांगली संस्था आहे. मुंबईचा पांजरपोळ 1834 सालचा. त्याच्या आधी दोन वर्षं, 1832 मध्ये, इंग्रज सरकारने मुंबईतली भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला होता आणि त्यावरून शहरात दंगल झाली होती. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या दानशूरांनी पुढाकार घेतला आणि मुक्या जनावरांसाठी जागा उभी राहिली. म्हणजे मोकाट जनावराचं करायचं काय, हा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे. आणि त्याला दानाने उत्तर शोधायची रीतही तितकीच जुनी आहे.

पण दानाचा हिशेब मांडून बघू. राज्य सरकारने 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईसाठी रोज 50 रुपये अनुदान ठरवलं. रस्त्यावर फिरणारा संकरित गोऱ्हा त्या योजनेत बसत नाही. तरी तोच आकडा धरू. रोज 50 रुपये म्हणजे एका जनावराला वर्षाला 18,250 रुपये. आता समजा, 5 लाख टन गाळप करणाऱ्या एखाद्या कारखान्याच्या सभासदांनी टनामागे 1 रुपया दिला. झाले 5 लाख रुपये. त्यात जनावरं पोसली जातील 27. शंभर पोसायची तर टनाला 3 रुपये 65 पैसे लागतील. आणि शंभरावर गोष्ट थांबेल, याची हमी कोण देणार? निवारा उघडल्याचं कळलं की आजूबाजूच्या चार तालुक्यांतली जनावरं रात्रीतून फाटकाला आणून बांधली जातील.

हे आम्ही कल्पनेने सांगत नाही. उत्तर प्रदेश आपल्यासारखाच उसाचा मुलूख आहे. तिथे डिसेंबर 2018 मध्ये अलीगढकडच्या शेतकऱ्यांनी वैतागून मोकाट गुरं शाळांत नेऊन कोंडली. जानेवारी 2019 मध्ये तिथल्या सरकारने गोकल्याण म्हणून अर्धा टक्का उपकर बसवला, निवारे बांधले, जनावरामागे रोजचा पैसा ठरवला. तरी 2022 च्या निवडणुकीत मोकाट गुरं हाच खेड्यातला मोठा विषय ठरला. शेतकरी थंडीत रात्रभर शेतावर जागतच होता. याचा धडा असा, की टाकीला कितीही मोठा हौद जोडला तरी नळ चालू असेल तर हौद वाहणारच. नळ बंद करायचा तो गोठ्यात. निवारा हवा, पण तो शेवटचा मुक्काम म्हणून. पहिला उपाय म्हणून नव्हे.

कुत्र्यांचा प्रश्न

गुरांबरोबर कुत्र्यांचंही बोललं पाहिजे. हंगामात टोळ्यांच्या कोप्या पडतात. उघड्यावर लेकरं झोपतात. पहाटे आई-बाप कोयता घेऊन फडात गेले की त्या लेकरांजवळ राखणीला कोणी नाही. शिळ्यापाक्यावर आणि मेलेल्या वासरांवर पोसलेली कुत्र्यांची टोळी तिथे येते. चावा होतो, लोक त्यावर हळद-चटणी भरतात आणि वार बघून भगताकडे नेतात. सभासदहो, रेबीज म्हणजे पिसाळी. तिची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचला असं जवळजवळ होतच नाही. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लसीचे सगळे डोस नेमल्या दिवशी पुरे करायचे. रक्त आलं असेल तर डॉक्टरांना सीरमबद्दल विचारायचं. जनावराला पिसाळलेलं कुत्रं चावलं तर त्यालाही लसीचा क्रम असतो. टोळीच्या मुकादमाला हे समजावून सांगणं चिटबॉयचं काम धरावं, अशी आमची सूचना आहे.

कुत्री मारून टाका म्हणणारे पुष्कळ आहेत. मांसात विष कालवून टाकतात. त्यात गावची दोन कुत्री मरतात, एक आपलं राखणीचं मरतं, चार दिवसांनी शेजारच्या गावची चार त्या जागी येतात. खाद्य तिथेच असतं ना! शिवाय भारतीय न्याय संहितेत जनावर मारण्या-लुळं करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. रानडुकरांसाठी तारेत करंट सोडणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, बाबांनो, ते करू नका. त्या तारेला डुकराच्या आधी पाणी धरायला गेलेला माणूस चिकटतो. घरात दोन प्रेतं होतात, एक मेलेल्याचं आणि एक तुरुंगात जाणाऱ्याचं.

कायद्याची वाट अशी आहे. प्राणी जनन नियंत्रण नियम आधी 2001 मध्ये झाले, मार्च 2023 मध्ये नवे झाले. भटकी कुत्री पकडायची, निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस टोचायची, कानाला खूण करायची आणि जिथून नेली तिथेच सोडायची. ही जबाबदारी स्थानिक संस्थेची. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात यावर मोठा खल झाला. 11 तारखेला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात ठेवायचा आदेश झाला. 22 तारखेला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला. पिसाळलेली व चावरी कुत्री वगळून बाकीची लस टोचून परत सोडावीत, असं सांगितलं आणि विषय सर्व राज्यांना लागू केला. 7 नोव्हेंबर 2025 रोजी आणखी आदेश झाला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवावीत आणि महामार्गांवरची मोकाट गुरं उचलून गोशाळांत न्यावीत, असं त्यात होतं. म्हणजे न्यायालयाचं बोट शेवटी निवाऱ्याकडेच गेलं. निवारा मात्र तालुक्यात नाही!

हे जमतं का? शेजारच्या गोव्यात जमलं. तिथे 2014 पासून सरकार आणि स्वयंसेवी संस्था यांनी मिळून वर्षाला हजारो कुत्र्यांना घरोघर, गल्लोगल्ली फिरून लस टोचली. माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू पाच-सहा वर्षांत शून्यावर आले. सरकारने 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. दहापैकी सात कुत्र्यांना लस पोचली की रोगाची साखळी तुटते, एवढंच त्यामागचं शास्त्र आहे.

आणखी एक धागा आहे. उसात बिबट्या आला म्हणून आपण ओरडतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून 2014 मध्ये तो प्रसिद्ध केला. बिबट्याच्या खाण्यात 87 टक्के पाळीव जनावरं निघाली आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, 39 टक्के. म्हणजे उकिरड्यावरची कुत्री ही बिबट्याची शिदोरी आहे. गावाबाहेर मेलेलं वासरू टाकून दिलं की आधी कुत्रं येतं, मग कुत्र्याच्या वासावर बिबट्या येतो. उकिरडा आवरला तर दोन्ही आवरतील.

काय करावं, असं आम्हाला वाटतं

पहिलं, गोठ्यातला नळ बंद करावा. लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरली तर दहापैकी सुमारे नऊ वेळा कालवड होते. दूध संघ आणि कारखाना यांनी मिळून ती सभासदाच्या दारात परवडेल अशा दराने पोचवावी. आज ज्या गोऱ्ह्याच्या वैरणीची चिंता आपण करतो तो जन्मालाच आला नाही तर निम्मा प्रश्न मिटला.

दुसरं, प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करून कोंडवाडा उभा करावा. फार काही लागत नाही. पक्कं कुंपण, दार, सावली, पाण्याचा हौद, नोंदवही आणि एक जबाबदार माणूस. जनावर आलं की कानातला बिल्ला वाचायचा, मालकाचं नाव काढायचं आणि ते पंचायतीच्या फळ्यावर लिहायचं. पीक खाल्लं असेल तर तलाठी आणि दोन पंच घेऊन पंचनामा करायचा.

तिसरं, मुदतीत मालक आला नाही तर ते जनावर गावाने शिवेपलीकडे हाकलू नये. आठ-दहा गावं मिळून एक सामाईक निवारा असावा. तिथे नराचं खच्चीकरण, लाळ-खुरकूत आणि लम्पीची लस, आजारी जनावराला वेगळा कप्पा आणि मेलेल्यासाठी चुना-मीठ घालून खोल खड्डा, एवढ्या सोयी पाहिजेत. 2022 सालच्या लम्पीने आपले गोठे कसे रिकामे केले ते कोणी विसरलं नसेल. लस न टोचलेलं मोकाट जनावर दावणीच्या गाईलाही रोग आणतं.

चौथं, वैरण. तीनशे किलोच्या जनावराला दिवसाला पंचवीस-तीस किलो ओली वैरण लागते. हंगामात फडात वाढे पडलेलेच असतात. पण ते फुकटचे समजू नयेत. वाढे हा तोडणी मजुराचा हक्काचा चार पैशांचा धंदा आहे, तेव्हा ते रोख दराने विकत घ्यावेत. बिगर हंगामासाठी त्यांचा मुरघास करावा. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातलं कॅल्शियम कमी होतं. चुन्याची निवळी आणि खनिज मिश्रण सोबत द्यावं. शेण आणि कारखान्याची प्रेसमड मिळून खत होईल, ते सभासदांनाच विकता येईल. खर्च पुरा निघणार नाही, पण हलका होईल.

पाचवं, कुत्र्यांचं काम एकेका गावाला झेपणार नाही. नियमाप्रमाणे ते मान्यताप्राप्त संस्थेकडूनच करावं लागतं. पंचायत समितीने गट करून ते सोपवावं. सुरुवात कोप्यांच्या जागेपासून आणि कारखान्याच्या गाडीअड्ड्यापासून हंगामाच्या आधी व्हावी.

आक्षेप येतील

पैसा कारखान्यानेच का द्यावा, हा पहिला आक्षेप. कारखान्याने सगळा द्यावा असं आम्ही म्हणत नाही. पंचायतीने जागा द्यावी, पशुसंवर्धन खात्याने डॉक्टर आणि लस द्यावी, दूध संघाने वीर्यमात्रा बघावी आणि कारखान्याने वैरण व वाहतूक बघावी. मात्र वार्षिक सभेच्या ठरावाशिवाय आणि सभासदाच्या संमतीशिवाय उसाच्या बिलातून एक पैसाही कापला जाऊ नये. पोटनियमांत बसेल तेवढंच करावं आणि हिशेब दर हंगामाला याच पानावर छापावा. कपातीच्या यादीला आपला सभासद आधीच कंटाळला आहे आणि ते बरोबरही आहे.

दुसरा आक्षेप असा, की गरीब सभासदाने न पेलणारा गोऱ्हा ठेवायचा कुठे? हा प्रश्न खरा आहे. ज्याच्याकडे दोन एकर आणि एक गाय, त्याला गोऱ्ह्याचे वर्षाचे अठरा हजार झेपत नाहीत. म्हणूनच निवाऱ्याचं दार त्याला दिवसाढवळ्या उघडं असावं. त्याने येऊन नाव लिहावं, जमेल ती वैरण किंवा वर्गणी द्यावी, बिल्ल्याची नोंद बदलून घ्यावी आणि ताठ मानेने घरी जावं. दंड करायचा तो रात्री पिकअपमधून सोडणाऱ्याला. परवडत नाही म्हणून विचारायला येणाऱ्याला एकाच मापाने मोजलं तर तोही उद्या रात्रीच येईल.

तिसरा आक्षेप आम्हीच मांडतो. असल्या योजना उद्घाटनाला फुलतात आणि तिसऱ्या वर्षी सुकतात. फलक राहतो, जनावरं उपाशी मरतात. तसं होणार असेल तर निवारा न काढलेला बरा. भुकेची जनावरं रस्त्यावर चार घास तरी शोधतात, कुंपणाआड तेही नाही. म्हणून सुरुवात लहान करावी. आधी पाच गावांचे कोंडवाडे, मग 25 जनावरांचा निवारा. एक हंगाम, एक पावसाळा, एक उन्हाळा काढून बघावा. हिशेब बसला तरच पुढचं पाऊल टाकावं.

सहकारात आपण मोठमोठी कामं केली. उपसा सिंचन केलं, दूध संघ केले, शाळा-कॉलेजं काढली. एकट्याला न झेपणारं ओझं दहाजणांनी वाटून घ्यायचं, हेच त्या सगळ्याचं मूळ होतं. मोकाट जनावर हेही तसलंच ओझं आहे. एकाने ते दुसऱ्याच्या शेतात टाकलं तर ओझं कमी होत नाही, फक्त शेत बदलतं. येत्या ग्रामसभेत आपल्या गावचा कोंडवाडा कोणत्या जागेवर आहे आणि तिथे आज काय आहे, एवढे दोन प्रश्न प्रत्येक सभासदाने उठून विचारावेत. उत्तर लिहून गट कार्यालयात द्यावं. वार्षिक सभेआधी गाववार यादी याच पानावर छापू. ज्या गावाचं उत्तर येणार नाही, त्या गावाच्या नावापुढची जागा कोरी सोडू.